दोन मिनिटांची भीती

[नवा चित्रपट येण्यापूर्वी त्याची एक छोटी झलक दाखवतात. तिला ट्रेलर म्हणतात. विद्यार्थ्यांनी भयपटाचा ट्रेलर कसा आखावा, त्याची जाहिरात कशी करावी आणि लोकांना भीती दाखवताना कोणती जबाबदारी पाळावी, हे या पाठात सांगितले आहे.]



रात्रीची वेळ आहे. वीज गेली आहे. मेणबत्तीभोवती सारी भावंडे गोळा झाली आहेत आणि नानी गोष्ट सांगत आहे. "त्या हवेलीत कोणीच राहत नव्हते. तरी रोज रात्री वरच्या मजल्यावर दिवा लागायचा..." एवढे बोलून नानी थांबते आणि पानदान उघडते. तुम्ही चादर नाकापर्यंत ओढून घेता. छातीत धडधडते. अंगावर काटा येतो. तरीही तुम्हीच विचारता, "नानी, मग काय झाले?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. ऐकणाऱ्याच्या तोंडून हा प्रश्न निघाला की गोष्ट सांगणारा जिंकला. ट्रेलरचे कामही हेच असते. दोन मिनिटांत थोडेसे दाखवायचे, नेमक्या जागी थांबायचे आणि पाहणाऱ्याला "मग काय झाले?" असे विचारायला लावायचे.

इंग्रजीत 'ट्रेल' म्हणजे मागून येणे. फार पूर्वी सिनेमागृहात मुख्य खेळ संपल्यावर पुढे येणाऱ्या चित्रपटाची काही दृश्ये दाखवत असत. ती मागून येत, म्हणून त्यांना ट्रेलर हे नाव पडले. खेळ संपताच लोक उठून जाऊ लागले, तेव्हा ही दृश्ये खेळाच्या आधी दाखवू लागले. नाव मात्र तेच राहिले.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तेथे देशोदेशीचे चित्रपट पाहायला मिळतात. ते पाहून एखाद्याला वाटते, आपणही चित्रपट काढावा. पण दोन तासांचा चित्रपट काढणे विद्यार्थ्यांना कसे जमावे? त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, माणसे लागतात. दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर मात्र एका साध्या फोनवर आणि सात-आठ मित्रांच्या मदतीने करता येतो. हवी असते ती नीट आखणी.

एका वाटाण्याची गोष्ट

आखणी म्हणजे काय, हे भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्याकडून शिकावे. त्यांचा जन्म १८७० साली नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१२ साली त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा आणला. चित्रपट काढायचा होता, पण पैसा नव्हता. मग पैसा कोण देणार?

फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी पक्का बसवला. रोज ते त्या रोपाची थोडी थोडी चित्रे घेत. असे जवळजवळ महिनाभर चालले. मग ती सारी चित्रे त्यांनी पडद्यावर सलग दाखवली. पाहणारे थक्क झाले. एका महिन्यात वाढलेले रोप त्यांच्या डोळ्यांसमोर भराभर वाढत होते! या छोट्या चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून पैसे देणारे पुढे आले. सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिनेही दिले. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात लोकांसमोर आला.

म्हणजे पाहा, मोठ्या चित्रपटाच्या आधी एक छोटी झलक आली. तिने लोकांची उत्सुकता जागी केली.

फाळके जाहिरातीतही हुशार होते. सुरतेत त्यांच्या चित्रपटाला पहिल्या दिवशी फारच थोडे लोक आले, असे सांगतात. तेव्हा त्यांनी जाहिरात केली की, केवळ तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे पाहा, दोन मैल लांबीचे चित्र पाहा. लोकांनी गर्दी केली.

आता आपण थोडे गणित करू. चित्रपटाच्या एका फूट फितीवर १६ चित्रे मावतात. म्हणून ५७,००० चित्रांची फीत सुमारे ३,५६२ फूट होते. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबीही ३,७०० फूट होती, अशी नोंद आहे. चित्रांची संख्या तर जवळजवळ बरोबर निघाली. पण एक मैल म्हणजे ५,२८० फूट. तेव्हा ही फीत एक मैलसुद्धा भरत नाही. दोन मैल ही बढाई होती!

त्या बढाईने कोणाचे नुकसान झाले नाही. पण जाहिरातीत सत्य आणि बढाई किती सहज शेजारी बसतात, हे यातून दिसते. ही गोष्ट आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

सात भाऊ, सात कामे

आता भयपटांकडे वळू. हिंदी भयपटांचे नाव निघाले की रामसे बंधूंची आठवण होते. त्यांच्या वडिलांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट आला. तो फारसा चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, असे एक दृश्य होते. प्रेक्षकांना तेवढेच दृश्य फार आवडते, हे रामसे बंधूंनी हेरले. मग त्यांनी संपूर्ण भयपटच काढला. १९७२ सालच्या त्या चित्रपटाचे नाव होते 'दो गज जमीन के नीचे'. हे नाव ऐकताच उर्दू वाचणाऱ्याला बहादूरशहा जफर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गझलेची आठवण होते. ओळखीच्या शब्दांतून भीती उभी करण्याची ही युक्ती होती.

हा चित्रपट महाबळेश्वरला तयार झाला. घरातलीच माणसे कामाला होती. कुमार लेखन करत. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत. गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करत. सातवे भाऊ केशू हेही याच कामात होते.

तुम्हीही कामे अशीच वाटून घ्या. एकाने लिहावे. एकाने दिग्दर्शन करावे. एकाने फोन धरावा, एकाने आवाज गोळा करावा, एकाने तुकडे जोडावे. एकाने जाहिरात पाहावी आणि एकाने पैशांचा हिशेब लिहावा. सगळ्यांनी सगळे केले की कोणाचेच काम धड होत नाही.

दार उघडू नका

भयपटात भुताचा चेहरा रंगवण्यावर मुले फार मेहनत घेतात. पीठ फासतात, लाल रंग ओततात. पाहणारे मात्र हसतात. असे का होते?

याचे उत्तर दौलताबादच्या किल्ल्यात आहे. तुम्ही तेथे गेला असाल तर 'अंधारी' पाहिली असेल. तो एक काळोखी, वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे. शत्रू आत शिरला की त्याला दिशा कळू नये, म्हणून तो केला होता. आत वटवाघळांचा वास येतो. आपलीच पावले दुसऱ्या कोणाची तरी वाटतात. माणूस जीव मुठीत धरून चालतो. तेथे भूत नसते. पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे दिसत नाही, एवढेच. भीती न दिसण्यात असते. दार उघडले, भूत दिसले, की भीती संपते. म्हणून ट्रेलरमध्ये शेवटचे दार कधीही उघडू नका.

अंधारीतच जाऊन चित्रण करावे, असे तुम्हाला वाटेल. पण दौलताबाद, बीबी का मकबरा, वेरूळची लेणी ही संरक्षित स्मारके आहेत. तेथे चित्रपटाचे चित्रण करण्यासाठी पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. त्याची गरजही नाही. शाळेचा रिकामा जिना, लांब व्हरांडा, बंद प्रयोगशाळा पुरेशी आहे. मुख्याध्यापकांची आणि घरच्यांची परवानगी घ्या. विहीर, गच्चीचा कठडा, रेल्वेचे रूळ आणि आग यांच्याजवळ चित्रण मुळीच करू नका.

भीतीचा दुसरा अर्धा भाग आवाजात असतो. १९४९ साली उर्दूचे लेखक कमाल अमरोही यांनी 'महल' हा चित्रपट काढला. त्यात एका ओसाड महालात एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. आवाज आधी दुरून येतो, मग हळूहळू जवळ येतो. हे गाणे लता मंगेशकर यांनी गायले. आवाज दुरून आल्यासारखा वाटावा म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या. युक्ती किती साधी होती! तुम्ही फोन व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवा. मित्राला दुसऱ्या टोकाकडून हळूहळू चालत येऊ द्या. पावले जवळ येत असल्याचा आवाज आपोआप मिळेल.

'नववा तास'

आता एक नमुना पाहू. एका शाळेत रोज आठ तास होतात. एके दिवशी सलीम नावाचा मुलगा मागे राहतो आणि नवव्या तासाची घंटा वाजते. एवढीच कल्पना. तिची नव्वद सेकंदांची आखणी अशी करता येईल:

१. सायंकाळ. शाळा सुटते. मुले फाटकातून बाहेर पडतात. (८ सेकंद)
२. वर्गात सलीम एकटाच दप्तर भरत आहे. (८ सेकंद)
३. शिपाईचाचा कुलूप लावतात. किल्लीचा आवाज. (६ सेकंद)
४. घंटा वाजते. सलीमचा हात थांबतो. (८ सेकंद)
५. काळ्या पडद्यावर अक्षरे : या शाळेत आठ तास होतात. (५ सेकंद)
६. घंटा पुन्हा वाजते. ती हलत आहे, पण टोला मारणारे कोणी नाही. (८ सेकंद)
७. लांब, रिकामा व्हरांडा. दुरून येणारी पावले. (१० सेकंद)
८. टेबलावर हजेरीपट. पान आपोआप उलटते. सलीमच्या नावापुढे लाल शाईत 'गैरहजर'. (८ सेकंद)
९. सलीमचा चेहरा. पूर्ण शांतता. (६ सेकंद)
१०. बंद दार. कडी हळूहळू सरकते. (८ सेकंद)
११. सलीम तोंडावर हात दाबून उभा आहे. तरी वर्गातून त्याच्याच आवाजात उत्तर येते, "हाजिर, जनाब!" (७ सेकंद)
१२. चित्रपटाचे नाव. दाखवण्याची तारीख व जागा. 'ही कथा काल्पनिक आहे.' (८ सेकंद)

बेरीज करून पाहा. बरोबर नव्वद सेकंद होतात. यात भूत कोठेच नाही. घंटेला काळा दोरा बांधायचा आणि चौकटीबाहेरून ओढायचा. पानालाही बारीक दोरा लावायचा. दाराची कडी पलीकडे उभा असलेला मित्र सरकवतो. नवव्या दृश्यातल्या शांततेकडे विशेष लक्ष द्या. सतत मोठे संगीत वाजत राहिले तर कान सरावतो. आवाज एकदम थांबला की पाहणाराही श्वास रोखतो.

या कामाला चार आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात कथा व दृश्यांची यादी. दुसऱ्यात परवानग्या आणि तालीम. तिसऱ्यात चित्रण. चौथ्यात तुकडे जोडणे आणि जाहिरात. प्रत्येक दृश्य कागदावर चौकट आखून आधी काढून ठेवा. चित्र वाईट आले तरी चालेल. कोण कोठे उभा राहील, हे त्यावरून कळले पाहिजे.

लोकांपर्यंत कसे पोहोचावे?

ट्रेलर तयार झाला. आता पाहणार कोण? जाहिरातीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. आपला प्रेक्षक कोण? तो कोठे भेटेल? त्याला काय करायला सांगायचे?

समजा, स्नेहसंमेलनाच्या दिवशी 'नववा तास' दाखवायचा आहे. प्रेक्षक म्हणजे शाळेतली मुले आणि त्यांचे पालक. मुले भेटतात सूचना फलकापाशी आणि पाण्याच्या नळापाशी. पालक भेटतात फाटकापाशी. तेथे भित्तिपत्रक लावा. त्यावर एकच चित्र हवे : हलणारी घंटा. खाली नाव, तारीख, वेळ, जागा. दहा गोष्टी लिहिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

नाव दोन्ही भाषांत लिहा. येथे एक गंमत आहे. शाळेतल्या 'तासा'ला उर्दूत 'घंटा' म्हणतात. म्हणून उर्दूत नाव होईल 'नवाँ घंटा'. मराठीत मात्र घंटा म्हणजे टोला देऊन वाजवायची वस्तू. मराठी वाचणारा शेजारी 'नवाँ घंटा' वाचून नवव्या घंटेचा विचार करील. दोन्ही अर्थ आपल्या कथेला शोभतात!

जाहिरातही गोष्टीसारखी टप्प्याटप्प्याने करा. आठ दिवस आधी फलकावर फक्त वेळापत्रक लावा. त्यात आठ तासांखाली नववा रिकामा रकाना असू द्या आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत 'नाट्यमंडळातर्फे' असे लिहा. मुले विचारू लागतील. चार दिवस आधी भित्तिपत्रक लावा. दोन दिवस आधी ट्रेलर दाखवा.

भीती आणि अफवा

मित्रांनो, आता पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका.

१९९९ साली अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा भयपट आला. पूर्वी एकाच विद्यापीठात चित्रपटकला शिकलेल्या तरुणांनी तो थोड्या पैशांत काढला होता. तीन तरुण जंगलात हरवले आणि त्यांचे चित्रण तेवढे सापडले, अशी ती कथा. जाहिरात करताना हे सारे खरेच घडले, असे भासवले गेले. 'हरवले आहेत' अशी पत्रके वाटली गेली. चित्रपटाने अमाप पैसा मिळवला. पण जिवंत असलेल्या अभिनेत्रीच्या आईला लोकांची सांत्वनाची पत्रे येऊ लागली. आपली मुलगी सुखरूप असताना अशी पत्रे वाचणाऱ्या आईला काय वाटले असेल?

तुम्ही म्हणाल, ही दूरच्या देशातली गोष्ट. मग आपल्याच भागातली ऐका. २०१७ आणि २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा फोनवरून देशभर पसरल्या. त्यांत एक चित्रफीत फार फिरली. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका लहान मुलाला उचलून नेतात. लोकांना ती खरी वाटली. प्रत्यक्षात ती कराचीत तयार झालेली एक जनजागृतीची फिल्म होती. मुलांकडे लक्ष ठेवा, हे सांगण्यासाठी ती काढली होती. फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक संदेश दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला.

अशा अफवांचे फळ काय झाले? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने त्या पाचही जणांना ठार केले. त्यांनी काहीही केले नव्हते.

म्हणून विचार करा. आपण बाराव्या दृश्यात 'ही कथा काल्पनिक आहे' असे लिहिले. ते पुरेसे आहे का? नाही! शेवट कापता येतो. यासाठी पहिल्या सेकंदापासून अखेरपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात चित्रपटाचे नाव आणि 'काल्पनिक' हा शब्द असू द्या. मग कोणताही तुकडा कापला, तरी खरी ओळख त्याच्यासोबत जाईल.

आणखी काही नियम पाळा. कोणाचे खरे घर, वाडा किंवा विहीर भुताची आहे, असे दाखवू नका. तुमच्यासाठी ती दोन मिनिटांची गंमत असते. त्या घरात राहणाऱ्या मुलीला मात्र उद्यापासून मैत्रिणी टाळू लागतात. कब्रस्तान, स्मशान, दर्गा, मंदिर येथे लोकांची दुःखे आणि श्रद्धा असतात. ती जागा भीतीसाठी वापरू नका. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला चेटकीण करू नका. आपल्या देशात चेटकीण म्हणून अनेक गरीब बायकांचा छळ झाला आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भुताला बोलावल्याचे सांगून लोकांत घबराट पसरवणे आणि एखादी व्यक्ती चेटूक करते असे म्हणून तिला त्रास देणे, हे या कायद्याने गुन्हे आहेत.

तुम्हाला शंका येईल. 'काल्पनिक' असे लिहिले तर भीती वाटेल का? त्या अंधाऱ्या रात्रीची आठवण करा. नानी गोष्ट सांगत आहे, हे तुम्हाला ठाऊक होते. हवेली खरी नाही, हेही ठाऊक होते. तरी तुम्ही चादर नाकापर्यंत ओढलीच ना? गोष्ट चांगली असेल तर ती गोष्ट आहे असे सांगूनही काटा येतो. गोष्ट कच्ची असली की तिला खोट्याचा टेकू द्यावा लागतो.

आणि अफवा व गोष्ट यांत एक फरक आहे. गोष्ट ऐकून माणूस जवळ सरकतो आणि विचारतो, "मग काय झाले?" अफवा ऐकून तो काहीच विचारत नाही. काठी उचलतो आणि धावत सुटतो. तुमचा ट्रेलर पाहून लोकांनी प्रश्न विचारावा, असा तो करा.

शब्दार्थ

झलक – ओझरते दर्शन
आखणी – कामाची आधी केलेली मांडणी (मन्सूबा)
संकलन – चित्रपटाचे तुकडे जोडण्याचे काम
हेरणे – बारकाईने ओळखणे (ताडणे)
ओसाड – जेथे कोणी राहत नाही असे (वीरान)
ध्वनिग्राहक – आवाज टिपणारे यंत्र
भित्तिपत्रक – भिंतीवर लावायचे जाहिरातीचे पत्रक (इश्तिहार)
काल्पनिक – मनाने रचलेले (फर्जी)
सांत्वन – दुःखात दिलेला धीर (दिलासा)
घबराट – एकदम पसरलेली भीती (दहशत)
टेकू – आधार (सहारा)

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ट्रेलर हे नाव कशावरून पडले?
(आ) 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर केव्हा आला?
(इ) दौलताबादच्या किल्ल्यातील भुयारी मार्गाला काय म्हणतात?
(ई) 'महल' या चित्रपटातील गाणे कोणी गायले?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट का काढला?
(आ) ट्रेलरमध्ये शेवटचे दार का उघडू नये?
(इ) कराचीच्या चित्रफितीचा अर्थ कशामुळे बदलला?

प्रश्न ३. कारणे द्या.
(अ) फाळके यांच्या जाहिरातीतील एक आकडा जवळजवळ बरोबर होता, पण दुसरा बढाईचा होता.
(आ) फक्त शेवटी 'काल्पनिक' असे लिहिणे पुरेसे नाही.

प्रश्न ४. वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
अंगावर काटा येणे, थक्क होणे, जीव मुठीत धरणे, श्वास रोखणे

प्रश्न ५. अफवा, हजेरी, तारीख, हिशेब, मजला हे शब्द उर्दूत कसे लिहितात व उच्चारतात ते लिहा. मराठीत येताना त्यांच्यात काय बदल झाला, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.

प्रश्न ६. 'गोष्ट आणि अफवा यांतील फरक' या विषयावर आठ-दहा ओळी लिहा.

उपक्रम

सात-आठ जणांचा गट करा. आपल्या शाळेत घडणारी एक काल्पनिक भयकथा ठरवा. तिच्या ट्रेलरसाठी बारा दृश्यांची यादी करून प्रत्येकापुढे सेकंद लिहा. तिचे भित्तिपत्रक उर्दू व मराठी अशा दोन्ही भाषांत तयार करा आणि वर्गात लावा.